मायचा एकेरी लाल डेलिया

डेलियाच्या फुलाला वास नसतो. गुलाब, निशिगंध, मोगरा नाकातून आत शिरतात आणि माणसाला कुठल्या कुठे घेऊन जातात. डेलिया बिचारा नुसता दिसतो. म्हणून गेल्या कोजागिरीनंतर, सेमाडोहवरून चिखलदऱ्याकडे जाताना एका चहाच्या टपरीमागे तो दिसला, तेव्हा मी आधी नुसती पाहत राहिले. बांबूच्या कुडाला टेकलेलं, माझ्याहून उंच झाड. त्यावर एकेरी फुलं, पाकळ्यांची एकच ओळ आणि मधोमध पिवळी टिकली. रंग लाल. लेक गाडीजवळून हाका मारत होती, जावई चहा थंड होतोय म्हणत होते. मी फूल जवळून पाहायला फांदी ओढली आणि देठ कटकन मोडला. पोकळ देठ, आत पाण्याचा थेंब, आणि त्याचा तो हिरवा, कडसर वास.

हिवाळाभर मायच्या हातांना हाच वास यायचा. त्या हातांनी ती माझी वेणी घालायची, आणि शाळेत बसल्यावरही तो माझ्या केसांत असायचा. इतक्या वर्षांत मला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. टपरीमागे उभी राहून मी तो मोडका देठ नाकाशी धरला आणि घळाघळा रडले. चहावाल्या बाईला वाटलं, हाताला काहीतरी चावलं.

चांदूर बाजारजवळ आमचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि थंडीत डेलिया. बाबांचे डेलिये भाकरीएवढे व्हायचे, जांभळे, पांढरे, गच्च पाकळ्यांचे. अमरावतीच्या बाजारात ते पहाटे टोपल्यांतून जायचे आणि लग्नाच्या मांडवात मिरवायचे. बाबांना त्यांचा केवढा अभिमान! पाहुणा आला की आधी डेलिया दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

आणि विहिरीजवळच्या वाफ्यात एकेरी लाल डेलिया होता, तो मायचा. तो कुठून आला याच्या आमच्या घरात दोन कथा होत्या. माय म्हणायची, बाबांनी लग्नानंतर चिखलदऱ्याच्या एका पडक्या बंगल्यामागून आणून दिला. बाबा म्हणायचे, मी कशाला आणीन, विकत आणलेल्या नेच्याच्या कुंडीतल्या मातीतून आला असेल. कोणाची कथा खरी ते मी कधी विचारलं नाही. माय तिची कथा सांगताना बाबा खाटेवर कूस बदलायचे, एवढं मात्र पाहिलेलं आहे.

"हाराले नाई, वेणीले नाई, बाजारात न्या तं वाटेतच पाकळ्या गाळते," बाबा म्हणायचे. "जंगली हाय थे. काहून पाणी घालून राह्यली त्याले?"

"तुमच्या डेलियावर मधमाशी बसते का?" माय विचारायची.

बसत नसे. त्या गच्च पाकळ्यांत माशीला वाटच सापडत नाही. मायच्या लाल फुलांवर मात्र उन्हं आली की गुणगुण सुरू व्हायची, आणि माय विहिरीच्या कठड्याला टेकून ती ऐकत उभी राहायची. दिवसभरात माय रिकामी उभी राहिलेली मी तेवढीच पाहिली आहे.

आश्विनात पाऊस मागे सरला की ती तो वाफा हाती घ्यायची. आमची काळी माती कपाशीला मानवते; डेलियाचा कंद मात्र तिच्यात पाणी धरून कुजतो. म्हणून माय नाल्यातली रेती टोपलीने आणून ओतायची, त्यात मुरलेलं शेणखत आणि चुलीची राख घालायची, आणि सगळं हातांनी कालवून उंच वरंबा करायची. मग कोठीच्या खोलीतलं मडकं बाहेर यायचं. त्यातली कोरडी रेती उपसली की उन्हाळाभर झोपलेले कंदांचे झुपके वर यायचे, सुरकुतलेले, पण जिवंत. तो झुपका फोडणं हे मोठं नाजूक काम. कंद कितीही गुबगुबीत असला तरी त्याच्या मानेशी जुन्या देठाचा तुकडा आणि त्यावर एखादा डोळा हवा. नाहीतर तो मातीत नुसता पडून राहतो, उगवत नाही. माय विळीवर हलक्या हाताने झुपका कापायची, कापल्या जागी राख चोळायची आणि कंद आडवे निजवायची, डोळा वर करून. कोंब दिसेपर्यंत पाणी नाही. मी तांब्या घेऊन गेले की ओरडायची, "राहू दे, पयले त्याले तहान लागू दे."

रोप वीतभर झालं की ती त्याचा शेंडा खुडायची. मला ते बघवत नसे. एवढं मुश्किलीने वर आलेलं झाड, आणि ही बाई त्याचं डोकंच उडवते! पण आठवडाभरात खालून चार फांद्या फुटायच्या. मग तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काठ्या, रोवायच्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी झाड सैलसर बांधायचं. मार्गशीर्षात पहिलं फूल. फूल सुकायला लागलं की माय ते लगेच खुडून टाकायची, कारण झाड बी धरायला लागलं की कंद पोसत नाहीत असं तिचं म्हणणं. तिचं बरोबरच होतं. पण त्यामुळे आमच्या घरात त्या लाल डेलियाचं बी कधी झालंच नाही. जे काही होतं ते मडक्यातल्या कंदांत होतं.

माघ सरत आला की झाडं पिवळी पडायची. बाबांचे मोठे डेलिये आधी उपटले जायचे आणि रेतीत जायचे. मायचा लाल सगळ्यात शेवटी. त्याचे कंद धुऊन, टोपलीत पसरून, दोन-चार दिवस स्वयंपाकघराच्या ओसरीत सावलीला वाळायला ठेवायचे. त्या दिवसांत ओसरीत कच्च्या गाजरासारखा एक ओला वास भरून राहायचा.

मी आठवीत होते तेव्हा माघातच दादाचं लग्न झालं. वहिनी पातूरकडची, कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या मोठ्या घरची. फूल म्हणजे देवाला वाहायचं आणि वेणीत माळायचं, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध. आमच्या घरी आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने झेंडूच्या ढिगाकडे पाहून मला हळूच विचारलं होतं, "एवढे फुलं कोन्त्या देवाले?" मी हसून हसून लोळले. ती लाजून लाल झाली, आणि त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

पंधरवड्याने शिवरात्र आली. बाबा आणि दादा फुलं-बेल घेऊन आदल्या दिवशीच सालबर्डीच्या जत्रेला गेले होते. घरात आम्ही तिघी. माय पहाटे मळ्यात गेली होती, मी तिच्या मागे. उन्हं वर आल्यावर परत आलो, तर चुलीवर मोठं पातेलं, झाकणाखालून वाफ, आणि घरभर ओल्या पोत्यासारखा वास. वहिनी न्हाऊन, नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून चुलीपुढे बसलेली. सासरचा पहिला उपास आणि स्वयंपाकघर पहिल्यांदाच एकटीच्या हाती. चेहऱ्यावर नुसता उजेड.

"रताळी लावली उकडाले," ती म्हणाली. "टोपलीत धुऊनच होती."

मी ओसरीकडे पाहिलं. टोपली रिकामी होती. मडक्यात ठेवायला एकही कंद उरला नव्हता. रताळ्यात आणि डेलियाच्या कंदात फरक ओळखायला फुलांच्या घरातच जन्मावं लागतं, त्यात वहिनीचा काय दोष? पण मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मायने माझ्या मनगटाला धरलं. किती घट्ट धरलं ते अजून आठवतं. ती चुलीपाशी गेली, झाकण उचलून आत पाहिलं. वाफेने तिचा चेहरा ओला झाला होता, त्यामुळे बाकी काही कळायला मार्ग नव्हता.

"चांगलं केलं, पोरी," ती म्हणाली. "भूक लागलीच होती."

मग देवाला नैवेद्य झाला, आणि वहिनीने आम्हा दोघींची पानं वाढली. माय जेवली. सोलून, एकेक तुकडा मोडून, सावकाश. मीही खाल्लं. चव अशी नव्हतीच. पाणचट, तंतू तंतू, शेवटी किंचित कडू. वहिनीने विचारलं, "जमले का?" मायने सांगितलं, "गोड हायेत." मी ताटातून मान वर केली नाही.

दुपारी विहिरीवर मायने मला बाजूला घेतलं. "घुशीनं खाल्ले म्हन्जो. कोनी इचारलं तं घुशीनं खाल्ले."

"अन् वहिनीले?"

"तिले काहीच नाई सांगाचं. कधीच नाई. नवी पोर हाय, जन्मभर मनाले लावून घेईन."

बाबा जत्रेहून आले आणि त्यांनी घुशीला जे शिव्यांचं पारायण लावलं, ते पोळ्यापर्यंत चाललं. जंगली, बिनकामाचा म्हणून ज्याला हिणवलं त्या झाडासाठी त्यांनी कोठीत पिंजरे लावले, बिळांत काटे कोंबले, घुशीच्या सात पिढ्या काढल्या. तेव्हा मला मायची कथा खरी असावी असं पहिल्यांदा वाटलं.

पुढच्या आश्विनात मायने त्या वाफ्यात कोथिंबीर टाकली. तिच्या तोंडून पुन्हा त्या फुलाचं नावही निघालं नाही. मी लग्न होऊन अकोल्याला आले, शाळेत शिकवू लागले, फ्लॅट झाला. माय गेली, तिच्या मागे बाबा. मळ्यात आता संत्र्याची बाग आहे. दादा म्हणतो, फुलांच्या मागे पहाटे उठून उठून बाबांचं आयुष्य गेलं, संत्रं बरं. बरं असेलही. पण त्या वाटेने गेलं की माझे डोळे आपोआप झेंडूचा केशरी पट्टा शोधतात, आणि तो नसतो. विहीर आहे, तिच्यावर जाळी टाकली आहे. तो वाफा परसात आला, कारण घर वाढवत वाढवत विहिरीपर्यंत गेलं.

हे सगळं त्या टपरीमागे, चहा थंड होईपर्यंत, माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी त्या बाईला कंद मागितला. थंडी संपली की येऊन घेऊन जाईन म्हटलं.

"कंद कुठले, बाई," ती म्हणाली. "डुकरं उकरून खाऊन टाकते. बी पडते खाली, दरसाली आपोआप येते. बी घेऊन जा."

तिने कुडावरची वाळकी बोंडं चुरडून माझ्या रुमालात दिली. काळसर, चपटं, बारीक बी. मी माळ्याची मुलगी आहे. कंद म्हणजे तेच झाड आणि बी म्हणजे त्याचं लेकरू, आईसारखं होईलच असं नाही, हे मला कोणी शिकवायला नको. तरी त्या दिवशी मी ते सोयीस्कर विसरले. मला तो लाल हवा होता. त्याच जागी, विहिरीजवळ, एकदा. त्याच्यावर मधमाश्या गुणगुणताना मला एकदा तिथे उभं राहायचं होतं. एवढी एकच इच्छा, आणि ती मी लहान मुलाच्या हट्टाने धरली.

अकोल्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत तुळससुद्धा माझ्यावर उपकार म्हणून जगते. म्हणून दिवाळीआधी बी घेऊन मी चांदूर बाजारला गेले. वहिनीला म्हटलं, "चिखलदऱ्याकडचं रानातलं फूल हाय, लावून पाहू." तिने हातावर बी घेऊन पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कुठं लावाचं?" मी विहिरीकडे बोट दाखवलं. ती मान हलवून फावडं आणायला गेली.

आम्ही दोघींनी पसरट कुंडीत चाळलेली माती, रेती, शेणखत भरलं, बी पेरून वरून बोटभरही नाही इतकी पातळ माती शिंपडली. रोपं वर आली की चार पानांवर ती वाफ्यात लावायची, असं सांगून मी परत आले. मग फोन सुरू झाले. माझा प्रत्येक फोन त्या झाडांपाशी जाऊन थांबायचा. दादाची साखर, नातवाची परीक्षा, सगळं घाईघाईने विचारून मी म्हणायची, "अन् थे?"

"आले कोंब. गवतावानी बारीक हायेत."

"शेंडा खुडला का?"

"खुडला, बाप्पा. तुमी सांगाच्या पयलेच खुडला."

तिला शेंडा खुडायचं कोणी सांगितलं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. इतकी मी माझ्याच लाल रंगात बुडालेली होते. फुलकिड्यांवर तिने कडुनिंबाचा पाला उकळून शिंपडला, तुराट्या रोवल्या, जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या. माघात एक दिवस तिचाच फोन आला. कळी धरली. फक्त एका झाडाला. बाकीची थंडीने मागे राहिली. रंग दिसतो का विचारलं तर म्हणाली, "अजून हिरवीच हाय. तुमी येऊनच पाहा."

मी एसटीने निघाले. शिवरात्र तोंडावर होती, स्टँडबाहेर रताळ्यांचे ढीग लागले होते. वाटभर मी खिडकीशी बसून स्वतःला समजावत होते की एवढं काही नाही, एक फूल आहे. घरी पोचले तर चपलाही काढल्या नाहीत, सरळ परसात गेले.

फूल उमललं होतं. पिवळं.

सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. लिंबासारखा स्वच्छ पिवळा रंग, तशीच पाकळ्यांची एक ओळ, तशीच उंच मान. एक मधमाशी त्याच्यावर आलीसुद्धा होती. पण ते मायचं नव्हतं. मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसले. इतक्या वर्षांनी माय आपल्याला पुन्हा सोडून गेली असं वाटलं. वहिनी पाण्याचा पेला घेऊन आली, माझ्या शेजारी बसली. तिचे गुडघे आता दुखतात, ती कठड्याला धरून हळूहळू बसते.

"लाल पाहिजे होतं तुमाले," ती म्हणाली.

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. मी तिला रंगाबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

"पिवळं आलं थे बरं झालं, बाई. लाल आलं असतं तं मले पाह्यवलं नसतं."

"वहिनी, तुले कोनी सांगितलं? दादानं?"

"कोनीच नाई. त्या दिशी तुमी दोघी उठल्यावर म्या आत्याबाईच्या ताटात बसली ना जेवाले. नव्या सुनेनं सासूच्या ताटात बसाचं, आमच्याकडं तशीच रीत. त्यायनं एक तुकडा ठेवला होता माह्यासाठी. थो तोंडात घातला अन् समजलं. रताळं असं राह्यते का? मंग टोपली पाहाले गेली. टोपलीच्या तळाशी देठाचे तुकडे होते, अन् थे तसेच तुकडे मळ्यात पडलेले म्या पाह्यले होते."

"अन् तू काहीच बोलली नाई?"

"काय बोलू? त्यायनं गोड हाय म्हनलं होतं. म्या रडली असती तं त्यायचं खाल्लेलं वाया गेलं असतं." ती पिवळ्या फुलाकडे पाहत होती. "मामाजी त्या लाल फुलापायी घुशीले शिव्या देत, अन् म्या इकडे खाली मान घालून भाकर थापो. हसू बी ये अन् रडू बी ये."

मधमाशी उडून गेली. घरात दादाच्या टीव्हीवर बाजारभाव चालले होते. मला वाटलं, मायने जिच्यापासून ते लपवलं ती इतकी वर्षं सगळं जाणून होती, आणि मायला याचा पत्ताही नव्हता. मी तसं म्हटलं. म्हटलं, "मायले शेवटपर्यंत समजलं नाई, की तुले ठाऊक हाय."

वहिनीने माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"समजलं नाई कसं? दुसऱ्या सालापासून शिवरातीले रताळी आत्याबाई सोता आनत, सोता उकडत, मले चुलीपाशी येऊ देत नसत. अन् सगळ्यात पयलं माह्या ताटात वाढत. तुमी सासरी गेल्यावर बी, अखेरच्या सालापर्यंत. दरसाली माह्याकडं न पाह्यता एकच म्हनत, 'खाय वं पोरी, हे गोड हाय.'"